बैल पाहणारा कॅमेरा

माझं अकोल्यात कॅमेऱ्यांचं दुकान आहे, नवे-जुने दोन्ही. सत्तावीस वर्षं झाली. या सत्तावीस वर्षांत आत पाय ठेवल्याबरोबर "किती मेगापिक्सलचा आहे?" असं न विचारणारी गिऱ्हाइकं बोटांवर मोजता येतील. मला त्या प्रश्नाचा संताप येतो. अरे बाबा, तुला फोटो कशाचे काढायचे आहेत ते आधी सांग. घरातली बारशी आणि वाढदिवस काढणाऱ्याला वेगळा कॅमेरा लागतो, मेळघाटात पाखरांच्या मागे हिंडणाऱ्याला वेगळा. पण नाही. लोक शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतात, वर्षभर कपाटात ठेवतात आणि मग माझ्याकडेच विकायला आणतात. माझं निम्मं दुकान अशाच कॅमेऱ्यांवर चालतं, त्यामुळे फार ओरडायची सोय नाही.

रुख्मिणीबाईंनी मेगापिक्सल विचारले नाहीत. दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी त्या आल्या. वय साठीच्या पुढे, सुती पातळ, एका गुडघ्यात लंगडत चालणं. सोबत सून होती, प्रणाली. रुख्मिणीबाईंनी काउंटरवरचा एक जुना कॅमेरा दोन्ही हातांनी उचलला, उलटा करून त्याचं बूड पाहिलं आणि मला विचारलं, "याचे दात किती?"

मी म्हटलं, "काकू, कॅमेऱ्याले दात नसतात."

"थे मलेही कळते. वय कसं समजते याचं? किती राबला आहे?"

मी आधी हसलो. मग लक्षात आलं की सत्तावीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. जुन्या कॅमेऱ्याचं वय तो कोणत्या साली घेतला यावर नसतं, त्याने किती फोटो काढले यावर असतं. तो आकडा कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला की दिसतो, आणि जुना कॅमेरा घेणाऱ्याने तो मागून घ्यावा. मागत कोणी नाही. मी तो काढून दाखवला. नव्वद हजारांच्या वर होता. "म्हातारा आहे," असं म्हणून बाईंनी कॅमेरा खाली ठेवला.

मग प्रणालीने सगळी हकिकत सांगितली.

त्यांचं गाव दर्यापूरकडचं. रुख्मिणीबाईंचे वडील हेडी होते. बैलांची खरेदी-विक्री करून देणाऱ्याला आमच्याकडे हेडी म्हणतात. लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा त्यांच्या यजमानांनी, म्हणजे सहदेवरावांनी, बाजारातून एक देखणा पांढरा बैल आणला होता. तो नांगराच्या भर तासात खाली बसायचा आणि मनात येईल तेव्हा उठायचा. सहदेवराव भजनात पेटी फार गोड वाजवतात, पण बैल त्यांना कळत नाही. सासऱ्यांनी पुढच्या खेपेला सुनेलाच बाजारात नेलं. बाईमाणूस बैल पाहायला आलं म्हणून लोक हसले. वर्षभरात त्यांचं हसणं थांबलं, आणि मग आजूबाजूच्या आठ गावांत बाईंनी हो म्हटल्याशिवाय कोणी कासऱ्याला हात लावेना. चाळीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि एक कप चहा सोडून कोणाचं काही घेतलं नाही.

त्यांची पद्धत ठरलेली होती. बैलापासून पंधरा पावलांवर उभं राहायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने पाहायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवले की नजर शिंगांवर आणि रंगावर भटकते, असं वडिलांनी शिकवलं होतं. छाती, खांदा, खूर, मग चाल. त्यानंतर एकच शब्द बोलायचा, "घ्या" किंवा "नको".

तीन वर्षांपूर्वी गुडघ्याने दगा दिला आणि बाजारात जाणं बंद झालं. लोक मोबाईलवर बैलाचे फोटो पाठवू लागले. आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या उत्तमरावांनी, सहदेवरावांच्या लहानपणापासूनच्या मित्राने, बाजारातून असाच एक फोटो पाठवला. बाईंनी डावा डोळा मिटून तो पाहिला आणि "घ्या" म्हणून सांगितलं. डवरणीच्या, म्हणजे पिकातल्या कोळपणीच्या, दिवसांत तो बैल मागच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. पाय मुळातच तिरपा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. उत्तमराव भांडले नाहीत. एका लग्नाच्या पंगतीत एवढंच म्हणाले, "आता पुढचा बैल मी माह्या डोळ्यानं घेईन."

"भांडले असते तं बरं झालं असतं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "आता गावोगाव बोलून राहिले, बाईची नजर गेली. चाळीस वर्सं लागली हे नाव कमवाले. मले असा कॅमेरा पायजे, जो खोटं बोलत नाई. ही बाजारात जाईन, फोटो काढीन, मी घरी बसून पाहीन."

प्रणालीने त्या बैलाचा फोटो मला दाखवला. बैलाची छाती ही एवढी भरदार आणि मागचा भाग आखूड, आक्रसलेला. मला तर गुरुकिल्लीच सापडली. फोनची लेन्स फार रुंद पाहते, म्हणून माणूस जनावराच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो, आणि जवळून काढलं की जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं बारीक. मी नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. प्रणालीच्या चेहऱ्यापुढे वीतभर अंतरावर फोन धरून एक फोटो काढला. मग दुकानाच्या दारात जाऊन लांबची लेन्स लावून दुसरा काढला. दोन्ही मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले.

रुख्मिणीबाईंनी पहिल्या फोटोकडे पाहिलं. "ही सून माही आहे. एवढं नाक नाही तिचं."

"तेच सांगून राहिलो, काकू! तुमची नजर नाही चुकली. फोटोच खोटा होता." मी हे अशा थाटात म्हटलं की जणू कोर्टात निकाल वाचून दाखवतोय. प्रणालीने माझ्या सगळ्या व्याख्यानाचा मोबाईलवर व्हिडिओ घेतला आणि तिथूनच उत्तमरावांना पाठवून दिला.

मग कॅमेरा निवडायला बसलो. मी आधी सगळ्यात मोठा काढला. काळा, जाडजूड, गळ्यात घातला की माणूस आपोआप ताठ चालतो असा. बाईंनी तो प्रणालीच्या गळ्यात अडकवला आणि तिला रस्त्याच्या टोकापर्यंत तीनदा जाऊन यायला लावलं. तिसऱ्या फेरीला पोरगी मान चोळत आली. "रुबाब आहे," बाई म्हणाल्या, "पण हा घेऊन चार घंटे बाजारात उभी राहीन का थे?" दुसरा मी काढला तो पाखरांवाल्यांचा, झाडाच्या शेंड्यावरचा पोपट डोळ्यांपाशी आणून ठेवणारा. त्यावर त्यांनी विचारलं, "पंधरा पावलांवरच्या बैलाले एवढी लांब नजर कशाले?" मी तो परत खोक्यात ठेवला.

तिसरा लहानसा होता. एका प्राध्यापकाने दोन सहलींना वापरून परत आणलेला. हजार-दीड हजार फोटोंच्या वर चाललेला नाही, म्हणजे बाईंच्या हिशेबाने ऐन दोन दाती, तरणाबांड. मधल्या टप्प्याची एकच लेन्स, पंधरा पावलांवरून बैल जसाच्या तसा दाखवणारी. मागचा पडदा वर वळायचा. म्हणजे प्रणालीला शेणात उकिडवं न बसता कॅमेरा पोटाशी धरून, बैलाच्या छातीच्या उंचीवरून फोटो घेता आला असता. खटकन आवाजही नाही, त्यामुळे जनावर बुजायचं नाही. चालत्या बैलाचे एका दमात दहा-बारा फोटो घ्यायचा, म्हणजे पाय कसा पडतो ते एकेका फोटोत दिसणार. नवशिक्याला याहून जास्त काही लागत नाही आणि याहून कमी पुरत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

"डोळ्याले लावून पाहू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी डावा डोळा मिटला आणि उजवा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला. "हा धुकट आहे."

मी काच पुसली. चष्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं एक बारकं चाक असतं, ते दोन्ही टोकांपर्यंत फिरवून दिलं. तरी धुकटच. म्हणून मघाचा मोठा दिला, तोही धुकट. मग मी चिडून कोरं खोकं फोडलं आणि कोणाचा हातही न लागलेला कॅमेरा काढला. बाईंनी पाहिलं आणि मान हलवली. "हाही तसाच."

माझ्या ओठांवर काहीतरी लागट आलं होतं, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या मिटलेल्या डाव्या डोळ्याकडे गेलं.

"काकू, डोळा बदला. डाव्यानं पाहा."

त्यांनी पाहिलं.

"आता कसं आहे?"

"साफ आहे."

इथे एखादा समजूतदार माणूस पाणी मागवता, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलता. माझ्या जिभेवर झाकण घालायला हवं, असं माझी बायको म्हणते ते काही खोटं नाही. मी म्हणालो, "मग कॅमेरे सगळे बरोबर आहेत. तुमचा उजवा डोळा दाखवून या. मोतीबिंदू पिकला असंन."

बाईंनी कॅमेरा सावकाश काउंटरवर ठेवला. "काच तुमची खराब, आन् नाव माह्या डोळ्याचं?" त्या म्हणाल्या आणि लंगडत पायऱ्या उतरल्या. प्रणाली माझ्याकडे पाहून ओशाळली आणि त्यांच्या मागे धावली. हे गिऱ्हाईक गेलं, असं मी धरून चाललो.

दीड-दोन महिन्यांनी प्रणालीचा फोन आला. सासूबाईंनी आठ दिवस कोणाशी धड बोलणं ठेवलं नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी अंगणात उभं राहून डावा डोळा मिटला आणि गोठ्याकडे पाहिलं, मग उजवा मिटला आणि पुन्हा पाहिलं. असं चार-पाच वेळा केलं आणि घरात येऊन म्हणाल्या, "चाल अकोल्याले." ऑपरेशन छान झालं होतं. आणखी एक आनंदाची बातमी होती. माझा तो व्हिडिओ उत्तमरावांनी दहा जणांना दाखवला होता. ते स्वतः घरी येऊन "मोबाईलनं दगा देल्ला, वहिनी, तुमची चूक नाई," असं म्हणून चहा पिऊन गेले होते, आणि या उन्हाळ्यात बैल पाहायला बाळापूरकडच्या बाजारात चला, असं आमंत्रणही देऊन गेले होते. मलाही बरं वाटलं. माझ्या व्याख्यानाने एका बाईची अब्रू राखली, असं मी बायकोला दोनदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दोघी दुकानात आल्या. बाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"थो फोटो लावा," त्या म्हणाल्या. "मोठ्या पडद्यावर. उत्तमरावाच्या बैलाचा."

मी लावला. त्यांनी चष्मा काढला, डावा डोळा मिटला आणि पडद्यापुढे उभ्या राहिल्या. मग बोट पुढे करून म्हणाल्या, "मागचं डावं खूर पाहा."

मला त्यात खुराशिवाय काही दिसलं नाही.

"बाहेरची कड झिजली आहे. आतली जशीच्या तशी आहे. म्हंजे पाय तिरपा पडते. हे तं आमच्या घरच्यांलेही दिसलं असतं." बैलांच्या बाबतीत सहदेवरावांचं नाव निघालं म्हणजे यापुढे सांगायला काही उरत नाही.

मी म्हणालो, "पण काकू, छाती तर फोनमुळेच मोठी दिसली."

"छाती मोठी दिसली, थे फोनचं. खूर दिसलं नाई, थे माह्यं."

प्रणाली म्हणाली, "आई, जाऊ द्या ना. उत्तमकाकांच्या मनात आता काही नाही. सगळ्या गावाले पटलं आहे की मोबाईल खोटा होता."

"म्हूनच तं. मले लाज वाटून राहिली, प्रणाली. माह्यं खोटं गावाले पटलं आहे."

हे आता गावात सांगू नका म्हणून मीही थोडी रदबदली करायला गेलो, कारण त्या पटण्यात माझा व्हिडिओ होता आणि हसं झालं तर माझंही होणार होतं. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "तुमी अर्धे बरोबर होते, शेखरभाऊ. अर्ध्यासाठी भेऊ नका." मग तो लहान कॅमेरा पुढे ओढला. "हा घेते. पण बाजारात चालवून पाहिल्याशिवाय नाई."

दुकानातला कॅमेरा विकायच्या आधी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. तो मी त्या दिवशी मोडला आणि उन्हाळा लागल्यावर बाजाराच्या दिवशी स्वतः गाडी काढून बाळापूरकडे गेलो. निमित्त कॅमेऱ्याचं होतं. खरं म्हणजे या बाईचं आता काय होणार, या काळजीने मला दोन दिवस नीट जेवण गेलं नव्हतं.

बाजारात धूळ उडत होती. बैल ओळीने खुंट्यांना बांधलेले होते. बाई निंबाखालच्या चहाच्या बाकावर बसल्या आणि प्रणालीला ओळीकडे पाठवलं. तिने पंधरा पावलं मोजली, कॅमेरा पोटाशी धरला, पडदा वर वळवला आणि कामाला लागली. एकही बैल बुजला नाही. बुजले ते हेडी. एकाने विचारलं, "काय ताई, बैलाचं लगन जमवून राहिल्या का?"

"हाव," प्रणाली म्हणाली. "फोटो पसंत पडू द्या, पत्रिका मंग पाहू."

दहा-बारा बैलांचे फोटो घेऊन ती बाकापाशी आली. बाईंनी एकेक फोटो उजव्या डोळ्याने पाहिला, मोठा करून खूर पाहिले, मग गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि एकेका बैलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. फोटो, बैल, पुन्हा फोटो. एका बैलाच्या पुढच्या खुराला बारीक चीर होती, ती फोटोतही होती. "जे फोटोत आहे थेच बैलात आहे," त्या मला म्हणाल्या. माझ्या दुकानातल्या मालाला मिळालेलं एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला आठवत नाही.

ओळीच्या टोकाला उत्तमराव उभे होते. लालसर अंगाच्या एका बैलाचा कासरा हातात, सौदा होत आलेला, भोवती गावचेच आठ-दहा जण. बाईंना पाहून त्यांनी लांबूनच हाक दिली, "या वहिनी! हेच सांगून राहिलो होतो, मोबाईलनं कसा दगा देल्ला."

रुख्मिणीबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा काढून हातात घेतला. आवाज चढवला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू जाईल इतका होता.

"मोबाईलनं नाई देल्ला, उत्तमराव. थ्या फोटोत बैलाचं झिजलेलं खूर साफ दिसत होतं. मले दिसलं नाई. माह्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आन् मले पत्ता नव्हता. बैल माह्या चुकीनं गेला तुमचा."

मग उत्तमराव हसले. "आन् मी तं थ्या पायी नवा मोबाईल घेतला ना, वहिनी!" भोवतीचे सगळे मोठ्याने हसले. मीही हसलो, सुटका झाल्यासारखा.

बाई हसल्या नाहीत. "हसण्यावारी नेऊ नका. माह्या शब्दावर तुमी पैसा लावला, सारं वर्स अडचणीत काढलं. मंग मोबाईलचं नाव झालं तवा मी गप बसून चहा पाजला तुमाले. डोळा साफ झाला आन् मी थो फोटो पुन्हा पाहिला, म्हून आता सांगून राहिली. पुढं मले इचारायचं का नाई, थे तुमी ठरवा. मले राग नाई येणार." चाळीस वर्षांचं नाव त्यांनी त्या धुळीत सगळ्यांसमोर काढून ठेवलं होतं आणि आता ते उचलणं न उचलणं दुसऱ्याच्या हातात होतं.

उत्तमरावांचं हसू मावळलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. हातातल्या कासऱ्याकडे पाहिलं.

"डोळा आता बरा आहे?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मंग हा पाहा."

बाई पंधरा पावलं मागे सरकल्या. गुडघा दुखत होता, तरी प्रणालीचा हात धरला नाही. डावा डोळा मिटला. बैलाला चालवायला लावलं, वळवायला लावलं, पुन्हा चालवलं.

"नको," त्या म्हणाल्या आणि पुढच्या ओळीकडे चालू लागल्या.

उत्तमरावांनी कासरा हेड्याच्या हातात दिला. हेडी चिडला. सौदा तोंडाशी आला होता. "काहून? काय वाईट आहे माह्या बैलात? सांगा ना!"

"थे मले नाई माहीत," उत्तमराव म्हणाले आणि बाईंच्या मागोमाग निघाले.